लक्षणं दिसत नाहीत

कागद एकाच पानाचा होता, रुग्णालयाच्या कार्यालयातून आलेला. मुकादमाच्या आईने तो माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून दिली तरी ती बसली नाही.

"वाचा, बाई."

मी चष्मा लावून वाचला. ‘कामाच्या वेळेत हेतुपुरस्सर हयगय करून शस्त्रक्रियेस चाळीस मिनिटे विलंब घडवल्याबद्दल आपणास सेवेतून कमी का करू नये, याचा खुलासा आठ दिवसांच्या आत समक्ष हजर राहून करावा.’

"हेतुपुरस्सर," मी म्हणाले.

"तेच. मुद्दाम केलं म्हणे त्याने. टेबलाखाली बसला चाळीस मिनिटं, कान झाकून. ते म्हणे मुद्दाम."

"आणि त्याला खिडकीवर कुणी बसवलं?"

"त्यांनीच. का बसवलं ते तुम्हाला माहीत आहे, बाई. सगळ्यांत आधी पेढे वाटल्यासारखे फोन तुम्हीच केले होते."

हे तिने शांतपणे म्हटलं, म्हणून ते जास्त लागलं.

मुकादम म्हणजे तिचा मुलगा. हे नाव आमच्या वर्गात पडलं. साडेतीन वर्षांचा असताना तो माझ्याकडे आला तेव्हा एक शब्द बोलत नव्हता, पण सकाळी दारात हात मागे बांधून उभा राहायचा आणि एकाही मुलाची चप्पल ओळीबाहेर राहू द्यायचा नाही. चप्पल वाकडी असली की त्या मुलाचा पाय धरून ठेवायचा. अडीच वर्षांचा असतानाच मोठ्या दवाखान्यात त्याचं निदान झालं होतं, ऑटिझम. तिथल्या तेव्हाच्या वरिष्ठ डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं की हा बोलणार नाही, ओळख ठेवणार नाही, तुम्ही दुसऱ्या मुलाचा विचार करा. अडीच वर्षांच्या लेकराचं पुढचं सगळं आयुष्य त्यांनी पाच मिनिटांत सांगून टाकलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मला तेव्हाही राग आला होता. आता वाटतं, तो राग थोडा वाचवून ठेवायला हवा होता, कारण पुढे तो जास्त लागणार होता.

मुकादम बोलायला लागला. उशिरा, पण लागला. वाचायला तर तो आधीच लागला होता. आता तो तेवीस वर्षांचा आहे आणि चार वर्षांपासून रुग्णालयात काम करतो. शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन, मोजून, ट्रेमध्ये लावून, कापडात गुंडाळून वाफेच्या यंत्रात घालायची, हे त्याच्या विभागाचं काम. पुडक्यावर एक पट्टी चिकटवतात. वाफ नीट लागली की पट्टीवरच्या रेघा काळ्या होतात. एखादी रेघ जरा फिकट राहिली तरी मुकादम ते पुडकं परत यंत्रात घालतो. तिथल्या मुख्य सिस्टर मला एकदा म्हणाल्या होत्या, "बाई, चार वर्षांत त्याच्या ट्रेमध्ये एक कात्री कमी निघालेली नाही. आमच्यात डोळे मिटून विश्वास ठेवावा असा हा एकच, आणि तो डोळे मिटूच देत नाही."

हे सगळं होत होतं ते आतल्या टेबलामुळे. सिस्टरांनी त्याला यंत्रामागचं टेबल दिलं होतं. तिथे फोन नाही. ट्रे देण्याच्या बाहेरच्या खिडकीवरचा आरडाओरडा पोचत नाही. काम चिठ्ठीवर लिहून द्यायचं, एका वेळी एक. कानांना आवाज अडवणारी मोठी झाकणं लावायची परवानगी. हे त्याच्या दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रामुळे मिळालं होतं, आणि प्रमाणपत्राची मुदत या वर्षी संपत होती.

त्याच सुमारास त्या मोठ्या दवाखान्यातून पत्र आलं. वयाच्या तीन वर्षांच्या आत निदान झालेली एक्केचाळीस मुलं वीस वर्षांनी कुठे पोचली, याचा ते अभ्यास करत होते. आईला वाटलं, एकाच फेरीत दोन्ही कामं होतील, अभ्यासाची तपासणी आणि प्रमाणपत्राचीही. तपासणारी मानसतज्ज्ञ तरुण होती, वागायला गोड. पन्नास मिनिटं ती मुकादमाशी बोलली आणि पंधरा दिवसांनी अहवाल आला. ‘सध्या लक्षणं दिसत नाहीत.’ एक्केचाळीस जणांत असे फक्त तिघे होते.

आणि मी, शहाणी, फोन करत सुटले. बहिणीला, जुन्या सहकाऱ्यांना, शाळेच्या शिपायालासुद्धा. माझा मुकादम तिघांत आला म्हणून.

महिन्याभरात कार्यालयाने प्रमाणपत्र रद्द धरलं, आतलं टेबल काढून घेतलं आणि सगळ्यांसारखी पाळी लावून त्याला खिडकीवर बसवलं. नवव्या दिवशी तो टेबलाखाली गेला. आधी तेच झालं असतं तर सिस्टरांनी दहा मिनिटं त्याला एकटं सोडलं असतं आणि काम पुढे गेलं असतं. आता कागदावर त्याला काही झालेलंच नाही. काही झालेलं नसताना माणूस टेबलाखाली बसतो म्हणजे तो उद्धट आहे, कामचुकार आहे. हिशेब सरळ आहे. इतका सरळ, की वाचताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी फेरतपासणी मागते," आई म्हणाली. "पण तो पुन्हा पास होईल. म्हणून तुमच्याकडे आले. त्याला नापास व्हायला शिकवा."

"काय?"

"अठरा वर्षं तुम्ही त्याला शिकवलंत. आता चार दिवस उलटं शिकवा. बघू नकोस म्हणावं तिच्याकडे. उत्तरं देऊ नकोस म्हणावं."

"अगं, वेड लागलंय का तुला?"

"लागलंय. तेवीस वर्षं झाली. दुसरा उपाय असला तर सांगा, मी बसते." आणि ती पहिल्यांदा बसली.

संध्याकाळी मुकादम कामावरून परस्पर आला. हात धुतले, पुसले, खुर्चीची पाठ टेबलाला समांतर केली आणि बसला. माझ्या दोन भुवयांच्या मधोमध बघून म्हणाला, "बाई, तुम्ही कशा आहात?"

"बरी आहे. तुला पुन्हा त्या डॉक्टरांकडे जायचंय. या वेळी त्यांनी विचारलं तर उत्तर द्यायचं नाही."

"का?"

"तुला आतलं टेबल परत हवंय ना?"

"हो. पण उत्तर मला माहीत आहे."

"माहीत असलं तरी."

"मग ते खोटं होईल," तो म्हणाला. "आणि तुम्ही नाराज व्हाल."

"मी नाही होणार."

"तुम्ही उत्तर चुकलं की चित्राचं कार्ड पालथं घालून ठेवायचात आणि पाणी प्यायला जायचात. म्हणजे नाराज."

त्याची आई एवढ्या संकटातही फिसकन हसली. मी विषय बदलला. "बरं, त्यांनी तुला काय काय दाखवलं ते तरी सांग."

"पहिलं, मुलगा आणि झाडात अडकलेला फुगा. तो रडतो कारण फुगा त्याचा आवडता होता. दुसरं, दोन मुली आणि एक सायकल. त्यांनी पाळीपाळीने चालवावी. तिसरं, आजोबा खुर्चीत झोपलेत आणि मुलगा ढोल घेऊन येतोय. आता त्याने—"

"अरे, माझी कार्डं नाही विचारली मी. त्यांची सांग."

"तीच आहेत."

"तीच म्हणजे?"

"बारा आहेत. क्रमही तोच आहे. त्यांची रंगीत आहेत, तुमची काळी-पांढरी. आठव्यात तुमच्याकडे बाईच्या टोपीवर शाईचा डाग आहे, त्यांच्याकडे नाही."

मी उठून आतल्या खोलीत गेले आणि माळ्यावरची फाइल काढली. झेरॉक्सची बारा पानं, पुठ्ठ्यावर चिकटवलेली. वीस वर्षांपूर्वी त्याच दवाखान्यातला एक तरुण डॉक्टर गाव सोडून जाताना ती मला देऊन गेला होता. "मुलांना बोलतं करायला बरी पडतील, बाई." एवढंच म्हणाला होता. ती परीक्षेची पानं आहेत, हे त्याने सांगितलं नाही की मी विचारलं नाही. मला शिकवायला चित्रं हवी होती, ती मिळाली. बारा वर्षं मी ती मुकादमाकडून घोकून घेतली. फुगा त्याचा आवडता होता. पाळीपाळीने चालवावी. एखादं उत्तर पक्कं झालं की मी त्याला टाळी द्यायचे आणि तोही टाळी द्यायचा, कारण टाळीला टाळी द्यायची हेही मीच शिकवलं होतं.

थोडक्यात, मी त्याला पेपर फोडून दिला होता. तो पैकीच्या पैकी मार्क घेऊन आला, आणि त्या मार्कांपायी त्याची नोकरी चालली होती.

दुसऱ्या दिवशी मी मानसतज्ज्ञांकडे गेले. खोली स्वच्छ होती. खेळणी आकाराप्रमाणे कपाटात लावलेली. ती उभी राहिली, मला खुर्ची दिली.

"बाई, तुम्हाला भेटायचंच होतं. तुमचं अभिनंदन राहिलं होतं."

"ते राहू द्या." मी फाइल तिच्यापुढे ठेवली.

तिने पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. चौथ्यापाशी तिचा हात थांबला. "हे तुमच्याकडे कसं? हे बाहेर द्यायचं नसतं."

"हे मला वीस वर्षांपूर्वी कुणीतरी सांगायला हवं होतं. तुमच्याच इथून आलंय ते."

तिने उरलेली पानं उलटली. मग म्हणाली, "पण बाई, नुसती चित्रं नव्हती. मी त्याच्याशी गप्पा मारल्या. तो हसला, माझ्याकडे बघून बोलला. मला उलट प्रश्न विचारले."

"काय विचारलं?"

"माझा प्रवास कसा झाला. मला पाणी हवं का. सुट्टीत मी काय करणार आहे."

"याच क्रमाने?"

तिने समोरच्या नोंदी उघडून पाहिल्या.

"हे पाहुण्यांसाठीचे तीन प्रश्न आहेत," मी म्हणाले. "सातव्या वर्षी शिकवले. घरच्या माणसांसाठी दुसरे तीन आहेत. आणि तो तुमच्याकडे बघत नव्हता, तुमच्या भुवयांच्या मधे बघत होता. पाच मोजायचे, मग दोन मोजेपर्यंत दुसरीकडे बघायचं. तुम्ही पन्नास मिनिटं गप्पा मारल्यात. त्याने पन्नास मिनिटं आकडे मोजले."

"तरीही त्याला ते जमलं, बाई. शिकून का होईना. आपणही शिकूनच वागतो की."

"तुम्ही घरी गेल्यावर न्हाणीघराचं दार लावून, दिवा बंद करून दोन तास जमिनीवर बसता का? त्या दिवशी तो बसला होता. त्याच्या आईला विचारलंत का तुम्ही? तुमच्या अभ्यासात त्याला रकाना आहे का?"

माझा आवाज चढला होता. बाहेर बसलेल्या एका बाईने आपल्या लहानग्याला जवळ ओढलं. मला लाज वाटली, पण राग काही उतरला नाही. खरं सांगायचं तर त्यातला निम्माही त्या मुलीवर नव्हता.

तिने वाद घातला नाही, हे तिच्या बाजूने सांगितलं पाहिजे. दुसऱ्या गावच्या सहकाऱ्याकडे, वेगळ्या साहित्याने तपासणी करावी लागेल, त्याला चार महिने लागतील, असं म्हणाली. तोवर आधीचा निष्कर्ष ग्राह्य धरू नये, असं तिने पत्रावर लिहून सही केली. त्याखाली मी माझं निवेदन लिहिलं: ही परीक्षा मी या मुलाला बारा वर्षं शिकवत होते, या निकालात माझी मेहनत मोजली गेली आहे, त्याची अडचण नाही. चाळीस वर्षं शिकवून मी स्वतःबद्दल कधी असं काही लिहिलं नव्हतं.

"म्हणजे तिघांचे दोन होतील," ती म्हणाली. मग पेन खाली ठेवून हळूच विचारलं, "उरलेल्या दोघांपैकी कुणी तुमच्याकडे होतं का?"

"एक मुलगी होती," मी म्हणाले. "वर्षभर."

तिने पेन पुन्हा उचललं.

खुलाशाच्या दिवशी आम्ही पाच जण रुग्णालयाच्या कार्यालयातल्या केबिनमध्ये होतो. अधिकारी, मुख्य सिस्टर, आई, मुकादम आणि मी. अधिकाऱ्यांनी पत्र वाचलं, उलटून मागची बाजूही पाहिली.

"म्हणजे आधी होतं, मग नव्हतं, आता कदाचित आहे. आम्ही नक्की काय धरायचं, मॅडम?" त्यांनी पत्र बाजूला सारलं आणि मुकादमाकडे वळले. "काय, कसे आहात?"

"मी ठीक आहे. आपण कसे आहात? आपला प्रवास कसा झाला?"

अधिकारी हसले. "झाला बुवा. वरच्या मजल्यावरून खाली."

मुकादमही हसला, एक क्षण उशिरा, पण जेवढं हसायचं तेवढंच. "आपल्याला पाणी हवं का?"

"बघा," अधिकारी आम्हाला म्हणाले. "याला काय झालंय? माझा मुलगा पाहुण्यांसमोर तोंड उघडत नाही. हा तर मला पाणी विचारतोय माझ्याच केबिनमध्ये."

आईने माझ्याकडे पाहिलं. मला दिसत होतं की आणखी पाच मिनिटांत तो सुट्टीचा प्रश्न विचारेल, अधिकारी खूश होतील आणि त्याला काढून टाकतील. इतकी वर्षं कष्टाने लावलेलं वळण माझ्या डोळ्यांदेखत त्याचा गळा आवळत होतं.

"मुकादम," मी म्हणाले, "आता मी शिकवलेलं काहीही करू नकोस."

तो माझ्या भुवयांमधे बघत राहिला. "किती वेळ?"

"या खोलीतून बाहेर पडेपर्यंत."

"सगळंच?"

"सगळंच. फक्त त्या दिवशी काय झालं ते सांग. तुला जसं सांगावंसं वाटेल तसं."

तो उठला. खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं आणि आमच्याकडे पाठ करून बसला. तळहात कानांवर ठेवले. मग पुढे-मागे डुलायला लागला, सावकाश, जसा साडेतीन वर्षांचा असताना डुलायचा. हे थांबवायला मला तीन वर्षं लागली होती. मला वाटलं होतं की ते गेलं.

"नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला," तो भिंतीला म्हणाला. आवाज सपाट होता आणि फार मोठा. "नऊ अकराला खिडकीवर दोन माणसं आली. एकाला हाडांचा ट्रे हवा होता, एकाला पोटाचा. फोन वाजत होता. तिसरा आला, तो म्हणाला बहिरा आहेस का. मी बहिरा नाही. मला सगळं ऐकू येत होतं. पंखा पण. सगळं एकदम आलं की मला त्यातून एक वेगळं काढता येत नाही. कोणता ट्रे कुणाचा ते मला कळेना. चुकीचा दिला तर आत माणूस झोपलेला असतो. त्याचं पोट उघडं असतं. म्हणून मी कुणालाच काही दिलं नाही आणि खाली बसलो."

"म्हणजे ट्रे दिले नाहीत ते मुद्दाम?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो. मुद्दाम."

आईने डोळे मिटले. अधिकाऱ्यांनी पेन उचललं.

"साहेब," सिस्टर म्हणाल्या. "लिहिण्याआधी एक सांगा. त्याने गोंधळात चुकीचा ट्रे दिला असता आणि आत काही झालं असतं, तर हा कागद कुणाच्या नावाने निघाला असता? त्याला खिडकीवर बसवू नका, असं मी लेखी दिलं होतं. तुमच्याच फाइलमध्ये आहे."

अधिकाऱ्यांनी मुकादमाच्या पाठीकडे पाहिलं. पाठ डुलत होती. मग त्यांनी निर्णय सांगितला. फेरतपासणी होईपर्यंत आतलं टेबल. नोकरी चालू. मात्र हा कागद सेवापुस्तकात राहील, तो काढता येत नाही.

"का येत नाही?" मी विचारलं.

"नियम आहे, मॅडम."

"हेतुपुरस्सर हा शब्द राहणार?"

"त्याने स्वतःच मान्य केलंय ना."

सिस्टरांनी माझं मनगट धरलं नसतं तर मी काय बोलले असते, मला माहीत नाही.

बाहेर आल्यावर मुकादम दाराच्या चौकटीपलीकडे दोन्ही पाय नीट ठेवून थांबला. "बाहेर पडलो. आता परत सुरू करू?"

मला हो म्हणायची सवय आहे. जीभ तयारही झाली होती. त्याऐवजी मी विचारलं, "त्रास होतो का रे त्याचा?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत," तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. कात्र्या मोजून सांगाव्यात तसं त्याने सांगितलं. "बसमध्ये सुरू करावं लागेल. कंडक्टरला कळत नाही."

"बसमध्ये कर," मी म्हणाले. "माझ्यासमोर नको."

त्याने थोडा विचार केला. मग मान न हलवता, माझ्याकडे न बघता वळला आणि जिन्याने खाली, यंत्राच्या खोलीकडे चालू लागला. त्याची पाळी सुरू व्हायला सहा मिनिटं होती.

"अरे," त्याची आई सवयीने मागून ओरडली, "बाईंना येतो म्हण."

"राहू दे गं," मी म्हणाले, गरजेपेक्षा पुष्कळच जोरात. बाकावर बसलेली माणसं वळून बघायला लागली. "राहू दे त्याला."